सरसेनापतींची भूमिका आणि पडद्यावरचे बुऱ्हाणपूर

इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत उल्लेखलेले आपले गाव चित्रपटात आरंभीच्याच मोठ्या प्रसंगात अवतरावे, याचा त्या गावच्या माणसाला आनंद व्हावा हे साहजिकच आहे. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित ‘छावा’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि आम्हा बुऱ्हाणपूरकरांच्या वाट्याला हा आनंद आला. मराठी घरांत तो अंमळ जास्तच होता. मध्य प्रदेश शासनाने चित्रपट करमुक्त केल्यामुळे ज्या घरातून वर्षाकाठी कोणी चित्रपटगृहाची पायरी चढत नाही, त्या घरातल्या आजीबाईसुद्धा नातवंडांबरोबर जाऊन आल्या. ‘आपलं बुऱ्हाणपूर दाखवलंय’ हे एवढेच कारण पुरेसे होते.

या आनंदात मीही होतो. परंतु आनंद ओसरल्यावर एक प्रश्न मनात राहिला, आणि त्याच प्रश्नाचा विचार या लेखात करावयाचा आहे. बुऱ्हाणपूरची ती स्वारी इतिहासात एका सेनापतीच्या नावावर आहे. पडद्यावर तो सेनापती गेला कुठे? आणि तो जिथे गेला तिथे त्याला कोणी पाठवले? पटकथेने, पात्रनिवडीने की आपण प्रेक्षकांनीच?

प्रथम घटना पाहू. छत्रपती संभाजीराजांचा राज्याभिषेक जानेवारी १६८१ मध्ये रायगडावर झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस मराठी फौज बुऱ्हाणपूरच्या वेशीबाहेरील बहादुरपुऱ्यावर, म्हणजे आपल्या आजच्या बहादरपुरावर, येऊन कोसळली. रायगडापासून हे अंतर साडेचारशे किलोमीटरांहून कमी नाही. खानदेशचा सुभेदार खानजहान बहादूर शहरात नव्हता. त्याचा नायब काकरखान तुटपुंज्या शिबंदीनिशी वेशी लावून आत बसला. पुरे तटाबाहेर होते आणि श्रीमंत व्यापाऱ्यांची दुकाने पुऱ्यांतच होती. तीन दिवस लूट चालली. खानजहान औरंगाबादेकडून निघाल्याची खबर येताच फौज चोपड्याच्या वाटेने साल्हेरकडे निघून गेली. मोगल इतिहासकार खाफीखान या स्वारीत संभाजीराजांचेच नाव घेतो. मराठी इतिहासलेखनात मात्र तिचे सेनापतिपद सरसेनापती हंबीरराव मोहिते यांच्याकडे दिले जाते, आणि राज्याभिषेकाची तिथी व एवढे अंतर लक्षात घेता ते मला अधिक पटते.

आता या घटनेकडे युद्धपटाच्या दृष्टीने पाहा. यात नाट्य कशात आहे? तलवारीला तलवार भिडण्यात ते फारसे नाहीच, कारण भिडायला समोर फौजच नव्हती. नाट्य आहे ते खबरीत, वेगात आणि माघारीच्या वाटेत. सुभेदार कधी बाहेर आहे, कोणत्या पुऱ्यात काय आहे, तट फोडण्यात वेळ घालवायचा की नाही, लुटीतले जड सामान कुठे टाकून द्यायचे आणि पाठलाग सुरू होण्याआधी कोणत्या घाटाने निसटायचे, हे सारे निर्णय सेनापतीचे. तो मनुष्य घोड्यावर बसून विचार करतो. आणि विचार करणारा मनुष्य पडद्यावर दाखवणे ही फार अवघड गोष्ट आहे.

‘छावा’ने ही अवघड गोष्ट टाळली आहे. त्याऐवजी तेथे राजा स्वतः आघाडीवर आहे, तो खाली पडतो, सिंहाशी झुंजतो आणि त्याचा जबडा फाडतो. ‘छावा’ म्हणजे सिंहाचा बच्चा. त्या शब्दातली उपमा चित्रपटाने शब्दशः रंगवली. प्रेक्षागृहात टाळ्या पडल्या आणि त्या पडाव्यात असाच तो प्रसंग रचलेला आहे. परंतु उपमेचे जे बळ असते ते तिच्या न दिसण्यात असते. शिवाजी सावंतांनी १९७९ साली आपल्या कादंबरीला हे नाव दिले, तेव्हा वाचकाच्या मनात सिंह उभा राहिला होता. चित्रपटात तो यंत्रावर तयार करून उभा केला आहे, आणि त्याच्याशी झुंजून होईपर्यंत बुऱ्हाणपूरची मोहीम संपलेली असते.

हे असे का झाले, याचे उत्तर मला पात्रनिवडीत आणि तयारीत सापडते. विकी कौशल या नटाने या भूमिकेसाठी घेतलेले कष्ट खरे आहेत. त्याने सुमारे पंचवीस किलो वजन वाढवले आणि अनेक महिने घोडेस्वारी, तलवार व भाला यांचा सराव केला. वडील शाम कौशल हे हिंदी चित्रसृष्टीतले नामांकित साहसदृश्य-दिग्दर्शक, तेव्हा हाणामारीचे बाळकडू घरचेच. ही सारी मेहनत पडद्यावर दिसते आणि तिच्याबद्दल त्याला शाबासकी द्यायला हवी. पण एवढे शरीर कमावले की चित्रपटाला ते शरीर दाखवावेच लागते. ज्या प्रसंगात नायकाने तंबूत नकाशावर बोट ठेवावे, त्या प्रसंगात त्याला मैदानात उतरावे लागते. तालमीत घातलेला प्रत्येक महिना पटकथेकडून आपला मोबदला मागून घेतो. मग सरसेनापतीसाठी पडद्यावर जागा उरते ती राजाच्या डाव्या-उजव्या बाजूची.

या उरलेल्या जागेत आशुतोष राणा उभे आहेत. राणा मूळचे गाडरवाऱ्याचे, म्हणजे आपल्याच मध्य प्रदेशातले. कऱ्हाडजवळच्या तळबीडचा मराठा सरदार नर्मदाकाठच्या नटाने करावा, यात मला काहीच वावगे वाटत नाही. उलट दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचे कौतुकच वाटायला हवे. त्यांचा आवाज, शब्द तोलून टाकण्याची रीत आणि नजरेतला भार यांमुळे हंबीरराव थोडक्या प्रसंगांतही लक्षात राहतो. विशेषतः दरबारातले प्रसंग. इतिहासात हंबीररावांची खरी कसोटी रणात लागली नाही, ती १६८० साली घरात लागली. सोयराबाई त्यांची सख्खी बहीण. राजाराम भाचा, आणि पुढे आपली लेक ताराबाई दिल्यामुळे जावईही. बहिणीच्या बाजूने उभे राहिले असते तर घरात राज्य आले असते. त्यांनी संभाजीराजांची बाजू घेतली. हा निर्णय राणांनी चेहऱ्यावर फार आवाज न करता उमटवला आहे. असा नट हाती असताना बुऱ्हाणपूरच्या स्वारीत त्याला एक संपूर्ण प्रसंग, केवळ पाच मिनिटांचा, द्यायला काय हरकत होती? खबऱ्याचे बोलणे ऐकणारा आणि ‘तटाला हात लावायचा नाही’ असे सांगणारा सेनापती आपल्याला दिसला असता. त्या पाच मिनिटांनी राजा लहान झाला नसता. ज्याच्या पदरी असा सेनापती, तो राजा मोठाच दिसतो.

याच सेनापतीवर मराठीत तीन वर्षे आधी स्वतंत्र चित्रपट आला होता. ‘सरसेनापती हंबीरराव’ २७ मे २०२२ रोजी प्रदर्शित झाला. लेखन प्रवीण तरडे यांचे, दिग्दर्शन त्यांचे आणि हंबीररावांची भूमिकाही त्यांचीच. शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज या दोन्ही भूमिका गश्मीर महाजनी या एकाच नटाला दिल्या होत्या. या दुसऱ्या निवडीवर पुष्कळांनी नाके मुरडली, पण मला त्यात एक विचार दिसला. हंबीररावांच्या डोळ्यांनी पाहिले तर धाकट्या धन्यात थोरला धनी दिसत असणारच, आणि १६८० च्या त्या निर्णयाचे अर्धे कारण तेच असणार. पात्रनिवड अशी भाष्य करू शकते. पहिली निवड मात्र मला अडचणीची वाटते. लेखक, दिग्दर्शक आणि नायक एकच झाला की ‘येथे थोडे कमी करा’ असे त्याला सांगणारे कोणी उरत नाही. तरड्यांचा हंबीरराव रांगडा आहे, जिवंत आहे, त्याची भाषा मातीतली आहे, पण प्रत्येक प्रवेशाला टाळी घेतल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. म्हणजे हिंदीत सेनापती राजाच्या सावलीत गेला, आणि मराठीत तो स्वतःच राजाएवढा उंच झाला. सेनापतीला सेनापती एवढेच राहू देणारा चित्रपट अजून व्हायचा आहे.

‘छावा’तील मराठी नटांकडे वळू. रायाजीच्या भूमिकेत संतोष जुवेकर आहेत आणि ते शोभतात. गणोजी आणि कान्होजी या फितुरांच्या भूमिका सारंग साठ्ये आणि सुव्रत जोशी यांच्याकडे आहेत. राजा, राणी, सेनापती, बादशहा या साऱ्या जागा अमराठी नटांकडे, आणि मराठी नटांकडे साथीदार किंवा फितूर. ही वाटणी कोणी द्वेषाने केली असे मी म्हणणार नाही, कारण दिग्दर्शक स्वतः मराठी आहेत. हिंदी चित्रपटाचा बाजारच तसा चालतो. पण बाजाराचा हिशेब पडद्यावर अर्थ होऊन बसतो, हे विसरू नये. शिर्के घराण्याच्या वंशजांनी फितुरीच्या चित्रणाला आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकांना दिलगिरी व्यक्त करावी लागली, ती याच अर्थामुळे.

आक्षेपांचाच विषय निघाला म्हणून एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. जानेवारी २०२५ मध्ये चित्रपटाची झलक आली, तेव्हा त्यात राजे लेझीम खेळताना दिसले आणि गदारोळ झाला. राज ठाकरे यांची भेट घेऊन दिग्दर्शकांनी ते दृश्य काढत असल्याचे जाहीर केले, आणि काढले. लेझीम हा आपला मर्दानी खेळ, तरीही महाराजांनी तो खेळू नये असे अनेकांना वाटले. असो, ज्याची त्याची श्रद्धा. पण लेझमीवर इतका काथ्याकूट झाला, शिर्क्यांवर झाला, अन् बुऱ्हाणपूर कसे दाखवले यावर मात्र कोणी एक शब्द काढला नाही. काढणार कोण? पुण्या-मुंबईच्या समीक्षकाला बुऱ्हाणपूर म्हणजे लुटीच्या वाटेवरचे एक नाव. ते काम आपलेच होते.

पडद्यावरच्या त्या शहरात मी ओळखीची खूण शोधत राहिलो आणि ती मला सापडली नाही. तेथे आहे तो खजिना. सोने, नाणी, जवाहीर आणि त्यांवर पहारा देणारे निनावी शिपाई. वास्तविक १६८१ चे बुऱ्हाणपूर श्रीमंत होते ते कापडाने. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये सतराव्या शतकात येथे दोनदा येऊन गेला. येथे विणल्या जाणाऱ्या पारदर्शक तलम वस्त्रांचे आणि त्यांत गुंफलेल्या सोन्यारुप्याच्या तारांचे त्याने वर्णन केले आहे. हा माल इराण, तुर्कस्तान, रशिया आणि पोलंडपर्यंत जात असे. या शहराचे सोने विणकराच्या बोटांतून जात होते. जमिनीखाली खरी कमाल आहे ती कुंडी भंडाऱ्याच्या पाण्याची. आणि जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे, तोही मराठी फौज येण्याच्या सुमारे नव्वद वर्षे आधीचा. दोन भाषांत एकच गोष्ट सांगण्याची रीत या गावाला तेव्हापासूनची. हे शहर दाखवले असते, तर लुटीचा प्रसंग अधिक खरा आणि अधिक गुंतागुंतीचा झाला असता. कारण लुटले गेले त्यांत केवळ बादशहाचे अंमलदार नव्हते, सावकार होते, गुजराती व्यापारी होते, विणकर होते. युद्ध हे असेच असते, आणि मोठा युद्धपट ते लपवत नाही.

खजिन्याचे चित्र किती खोल जाते, याचा पुरावा आपण मार्च २०२५ मध्ये पाहिला. असीरगढ गावाच्या शेतांत रात्री शेकडो माणसे बॅटऱ्या, कुदळी आणि धातुशोधक यंत्रे घेऊन उतरली. रस्त्याच्या कामात निघालेली माती शेतात पडली होती, त्यात मोगलांची नाणी मिळाल्याची आवई उठली, आणि चित्रपट तर गावोगाव चाललेलाच होता. पोलीस गेले, चौकशी झाली, साऱ्या देशाच्या वृत्तवाहिन्यांवर आपल्या जिल्ह्याची खणलेली शेते झळकली. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले तर ते कलेक्टरला कळवावे लागते, हे त्या रात्री कोणाच्या ध्यानी होते? लोक हसले. मला हसू आले नाही. भर उन्हाळ्याच्या तोंडावर हाताला काम नसलेला माणूस रात्री दुसऱ्याचे शेत खणतो, तेव्हा त्याला मूर्ख म्हणणे सोपे असते. त्याला त्याच्या गावाचा इतिहास कोणीतरी ‘पुरलेले सोने’ एवढाच सांगितला होता. लूमवर बसणाऱ्याच्या पोराला आपल्या पणजोबाचे कापड पोलंडला जात होते हे कोणी सांगितले नव्हते. चित्रपटाने सांगितले नाही, आणि खरे बोलायचे तर शाळेनेही नाही.

चित्रपटाच्या जमेच्या बाजूला एक गोष्ट ठळकपणे मांडली पाहिजे, ती म्हणजे अक्षय खन्ना यांचा औरंगजेब. चित्रीकरणात विकी कौशल आणि ते एकमेकांसमोर आले ते थेट शेवटच्या भागातील प्रसंगांसाठी, तोवर दोघांनी भेटणे टाळले, असे दिग्दर्शकांनी सांगितले आहे. राजा आणि बादशहा यांच्यातला तो परकेपणा पडद्यावर जाणवतो. खन्नांचा म्हातारा बादशहा जवळजवळ हलत नाही, हळू बोलतो आणि विणकाम करीत बसतो. विचार करणारा मनुष्य पडद्यावर दाखवता येतो, याचा पुरावा याच चित्रपटात आहे, पण तो शत्रूच्या छावणीत आहे! एवढे श्रम आपल्या सेनापतीवर घेतले असते तर?

आणखी एक न्याय्य गोष्ट. बुऱ्हाणपूरच्या लुटीनंतर येथल्या प्रतिष्ठितांनी आणि उलेमांनी बादशहाला लिहिले, की आमची मालमत्ता आणि अब्रू सुरक्षित नसेल तर आम्हाला जुम्म्याची नमाज बंद ठेवावी लागेल. नोव्हेंबर १६८१ मध्ये औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपुरात दाखल झाला आणि पुढे दक्षिणेत उतरला तो परत उत्तरेत गेलाच नाही. १७०७ साली अहमदनगरजवळ तो वारला. आपल्या गावच्या तीन दिवसांतून पुढची पंचवीस वर्षे निघाली. ही कार्यकारणाची साखळी चित्रपटाने ओळखली, आरंभ येथून केला, हे दिग्दर्शकांच्या जाणतेपणाचे लक्षण आहे. संभाजीराजांची जुन्या नाटकांनी मळवलेली प्रतिमा वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० च्या चरित्राने आणि नंतर डॉ. कमल गोखले यांच्या संशोधनाने धुऊन काढली. त्या श्रमांचे फळ हिंदी भाषक प्रेक्षकांपर्यंत पोचवण्याचे कार्य या चित्रपटाने केले, हेही मी मान्य करतो.

परंतु आपल्या घरांपुरता प्रश्न वेगळा आहे. आपली मुले शाळेत हिंदी शिकतात, बाजारात निमाडी आणि उर्दू ऐकतात, मराठी उरते ती देवघरात आणि जेवणाच्या पाटावर. त्यांना मराठ्यांचा इतिहास आता हिंदी पडद्यावरून कळणार, हे उघड आहे आणि त्यात दुःख करण्यासारखे काही नाही. मात्र त्या पडद्यावर त्यांना दोनच जागा दिसतात. एक, लुटणाऱ्यांची, जे आपले पूर्वज. दुसरी, लुटल्या जाणाऱ्यांची, जे आपले गाव. मराठी म्हणून टाळी वाजवायची आणि बुऱ्हाणपूरकर म्हणून गप्प बसायचे? शेजारच्या मोमीन विणकराच्या मुलाबरोबर एकाच बाकावर बसणाऱ्या आपल्या मुलाने चित्रपटगृहातून बाहेर पडताना त्याच्याशी काय बोलावे? मार्च २०२५ मध्येच औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात दंगल उसळली, तेव्हा हा प्रश्न केवळ कल्पनेतला राहिला नाही.

माझे उत्तर असे आहे, की या मुलाला दोन्ही जागा नावानिशी सांगाव्यात. हंबीरराव मोहिते कोण होते, त्यांनी बहिणीपेक्षा राज्य का निवडले, १६८७ साली वाईच्या लढाईत तोफेचा गोळा लागून ते कसे पडले, हे सांगावे. आणि त्याच बैठकीत बहादरपुरात त्या जानेवारीत कोणाची दुकाने होती, त्यांत कोणते कापड होते, हेही सांगावे. जमल्यास मुलाला सोबत घेऊन बहादरपुरापर्यंत पायी जावे, शहराच्या तटापासून पुरे किती दूर होते ते पावलांनी मोजावे. म्हणजे सेनापतीने तटाला हात का लावला नसेल, हे त्याचे त्यालाच कळेल. सावंतांची कादंबरी घरात असेल तर ती खाली काढावी, मुलाला मराठी वाचण्याचा कंटाळा असेल तर रोज चार पाने आपण मोठ्याने वाचावी.

आणि कोणी निर्माता पुन्हा या स्वारीवर चित्रपट काढायला निघाला, तर त्याने नट निवडण्याआधी एकदा येथे येऊन जावे, एवढीच विनंती. सिंह त्याला कोठेही मिळेल. तापीच्या घाटावरून शहराकडे पाहत उभा राहिलेला, आत शिरण्याआधी बाहेर पडायची वाट ठरवणारा सेनापती मात्र त्याला येथेच सापडेल.